गाडी मिसिंग मारते तेव्हा : गॅरेजला जाण्याआधी काय बघायचं

ताईंनो, आपल्या संघातल्या ज्या गटांनी भाजी, दूध किंवा चारा वाहायला जुना पिकअप नाहीतर छोटा ट्रक घेतला आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. ज्यांचा घ्यायचा विचार चालू आहे त्यांनी तर तो नक्की वाचावा, कारण जुनी गाडी बघायला जाताना याच खुणा कामी येतात. मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, जमलं तर गाडी दाराशी उभी करून. ड्रायव्हरदादांनाही बसवून घ्या.

गाडी जागेवर उभी असताना थरथरते, आवाज लंगडा येतो, घाटात धक्के मारते. गॅरेजमध्ये याला म्हणतात, "मिसिंग आहे." आणि त्यापुढचं वाक्य पुष्कळदा असतं, "ताई, इंजिन काम काढावं लागेल." इथंच गटाचा पैसा अडकतो. मिसिंग म्हणजे तापासारखं. ताप सर्दीनेही येतो आणि टायफॉइडनेही येतो. ताप आला म्हणून कोणी लगेच पोट फाडायला सांगत नाही. आधी विचारतात, कधीपासून, किती वेळ, सोबत अजून काय होतंय. गाडीचंही तसंच विचारायचं.

इंजिनात आत काय चालतं

पूर्वी चार जणी एकाच उखळात पाळीपाळीने मुसळ घालायच्या. धप-धप-धप-धप असा ठेका धरलेला असायचा. त्यातल्या एकीचा हात चुकला की ठेका मोडतो आणि बाकीच्या तिघींवर जोर येतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचं काम असंच आहे. प्रत्येक सिलिंडरची पाळी ठरलेली असते. बहुतेक इंजिनांत आधी १, मग ३, मग ४, मग २. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा. एक सिलिंडर बसला की दर मिनिटाला ४०० ठोके चुकतात. ती जी थरथर आपल्याला सीटवर जाणवते, ती हीच.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सायकलचा पंप जोरात मारला की त्याची नळी बुडाशी गरम होते, हे सगळ्यांनी बघितलंय. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन हवेला इतकं दाबतं, साधारण सतरा ते बावीस पटीत, की त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. (जाता जाता : डिझेल हे एका माणसाचं आडनाव. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने हे इंजिन १८९७ साली नीट चालवून दाखवलं.)

म्हणजे प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, ती नीट दाबली जाणं, आणि वेळेवर पडणारा डिझेलचा बारीक फवारा. मिसिंग म्हणजे यातलं एक काहीतरी कमी पडतंय. कुठलं, ते शोधायचं. हवा आणि डिझेल यांचा दोष बहुधा स्वस्तात निघतो. दाब गेला असेल तरच इंजिन उघडायची वेळ येते. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे.

आधी एक गोष्ट नक्की करा. हा पाठ यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या गाडीसाठी आहे. बॉनेट उघडून बघा. पंपातून प्रत्येक नोजलकडे वेगळी बारीक लोखंडी नळी जात असेल आणि नोजलला विजेची वायर नसेल, तर तुमची गाडी त्यातली. सगळ्या नळ्या एका जाड आडव्या नळीतून निघत असतील आणि नोजलच्या डोक्यावर वायरी असतील, तर ती कॉमन रेलची गाडी. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा अलीकडच्या गाड्या बहुतेक याच प्रकारच्या. त्यात दाब हजार बारच्या वर असतो. तिच्या नळीला पाना लावायचा नाही, कोणी लावत असेल तर लावू द्यायचा नाही. ती स्कॅनर लावूनच तपासतात.

पहिलं काम : वहीत लिहायचं

थरथर कधी होते? पहाटे थंड इंजिनावरच होते आणि पाच मिनिटांनी जाते, की दिवसभर राहते? उभ्या गाडीलाच होते की चढावर माल असताना? टाकी भरलेली असताना कमी आणि रिकामी होत आली की जास्त, असं काही आहे का? फिल्टर बदलल्यापासून, कुठल्या पंपावर डिझेल भरल्यापासून, की हळूहळू वाढत आली? धूर कुठल्या रंगाचा? ही उत्तरं ड्रायव्हरदादांकडून घेऊन तारखेसह लॉगबुकात टाका. मेकॅनिक गाडी दहा मिनिटं बघतो, आपण रोज बघतो. त्याच्याकडे नसलेली माहिती आपल्याकडे असते.

सरासरीही काढत राहा. समजा गाडी लिटरला १४ किलोमीटर द्यायची आणि आता ११ वर आली. रोज १०० किलोमीटर फेरी असेल तर आधी सव्वासात लिटरच्या आत भागायचं, आता नऊ लिटरच्या वर लागतं. महिन्याला २५ दिवस धरले तर जवळजवळ ४९ लिटर जादा. लिटरला ९० रुपये धरले तरी सुमारे ४,४०० रुपये सायलेन्सरमधून बाहेर गेले. "चालतेय ना, चालू दे" म्हणणाऱ्या ताईंना हा आकडा दाखवा. कर्जाचा हप्ता काही मिसिंग मारत नाही, तो वेळेवरच येतो.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. चूल फुंकली नाही की धुरकटते, तसं. पहिल्यांदा हवेचा फिल्टर काढून उजेडाकडे धरा. आपल्या रस्त्यांवर, त्यात ऊसतोडीच्या आणि कापसाच्या दिवसांत, तो धुळीने बसतोच. उजेड दिसत नसेल तर बदला. तरीही काळा धूर राहिला तर नोजल गळत असेल, किंवा साधं कारण, गाडीत माल जास्त भरला जातोय.

पांढरा धूर, डोळे चुरचुरणारा, पहाटे येतो आणि इंजिन तापल्यावर जातो : डिझेल पडतंय पण पेटत नाही. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात त्यात एखादा प्लग गेलेला असतो. हे काम सोपं आहे, स्वस्तही. वायरमनसुद्धा टेस्ट लॅम्प लावून प्लग चांगला की वाईट सांगू शकतो. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी. पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय, हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर गाडी तिथंच उभी करा. बाजाराची एक फेरी बुडू द्या. त्या ऑइलवर गाडी पळवली तर बेअरिंगं जातात, मग खरोखरच इंजिन काम निघतं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत. ऑइल किती दिवसांत किती कमी होतं ते लिहून ठेवा. हे दुखणं हळू वाढतं, त्यामुळे घाबरून एका दिवसात निर्णय घ्यायची गरज नसते.

धूर नेहमीसारखाच आणि इंजिनाचा आवाज मात्र वरखाली होतो, मध्येच बंद पडतं, पुन्हा हँडपंप मारला की सुरू होतं? तर डिझेलमध्ये हवा शिरली आहे. यावर जरा सविस्तर बोलू, कारण जुन्या गाड्यांत हे फार आढळतं आणि सगळ्यात जास्त फसगतही इथंच होते.

हवा धरणे

टाकीतून फीडपंपापर्यंत डिझेल ओढून घेतलं जातं, जसं आपण शहाळ्यातून नळीने पाणी ओढतो. नळीला बारीक चीर असली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट तोंडात हवा येते. गाडीतही तेच. टाकी ते फीडपंप या भागात चीर असेल तर चालू इंजिनात खाली एक थेंबही दिसणार नाही, पण आत हवा जात राहील. म्हणून "कुठं गळत नाही, म्हणजे लाइन चांगली आहे" हे बोलणं खरं धरू नका.

आपल्या भागातल्या एका गटाला याचा अनुभव आला. त्यांचा पिकअप पहाटे चारला भाजी घेऊन मार्केटला जायचा. घाटात गाडी दम सोडायची, वर जाऊन उभी केली की थरथरायची. एका गॅरेजने डिझेल पंप उतरवून पूर्ण दुरुस्त करायला सांगितलं. रक्कम गटाच्या बचतीच्या निम्म्याहून जास्त होती, बैठकीत दोन ताई गाडी विकूनच टाकू म्हणाल्या. सचिवताईंनी लॉगबुक उघडलं. सगळ्या तक्रारी टाकी अर्ध्याच्या खाली असतानाच्या होत्या. टाकी भरली की दोन दिवस गाडी शहाणी. पंप बिघडला असता तर त्याला टाकी किती भरली आहे हे कसं कळलं असतं? टाकीत डिझेल कमी असलं की ते जास्त खालून ओढावं लागतं, ओढ वाढते, आणि चिरेतून हवा शिरते. दुसऱ्या मेकॅनिकने फीडपंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली, इंजिन चालू केलं. नळीत बुडबुडे सगळ्यांना दिसले. चेसिसला घासून रबरी पाइप चिरला होता. पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं.

पहिला गॅरेजवाला लबाड होता असं मला वाटत नाही. त्याला "गाडी दम सोडते" एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर तोही अंदाजच करणार.

हवा धरली असेल तर ती काढायची रीत ड्रायव्हरदादांना येत असतेच. गटातल्या दोघींनी तरी शिकून घ्यावी. इंजिन बंद. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर छोटा स्क्रू असतो, तो थोडा सैल करायचा, खाली फडकं धरायचं. हँडपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बिनबुडबुड्याचं स्वच्छ डिझेल येतं. पंप मारत असतानाच स्क्रू घट्ट करायचा. आज हवा काढली आणि दोन दिवसांत परत धरली, तर ती कुठून तरी शिरतेय. मग पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर एकेक बघायचं. फिल्टर बदलल्या बदल्या त्रास सुरू झाला असेल तर फिल्टरचं जुनं रबर तसंच राहिलंय का, किंवा नवं तिरकं बसलंय का, हेच आधी बघा.

अजून दोन फुकटच्या तपासण्या. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, मग दम सोडते, थोडा वेळ थांबवली की पुन्हा चालते : असं झालं की टाकीचं झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. चिखलाने बुजतं, कधी हरवलेल्या झाकणाऐवजी कोणी प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवतं. भोक मोकळं करा, झालं.

दुसरी पाण्याची. पहाटे गाडी सुरू करण्याआधी डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. पावसाळ्यात दर आठवड्याला हे करावं. टाकी रात्रभर रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल तळापर्यंत ओतू नका. आणि स्वस्त पडतं म्हणून रॉकेल मिसळायचं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. पंपाच्या आतल्या भागांना डिझेलच वंगण देतं, रॉकेलमध्ये ते वंगण नसतं.

कुठला सिलिंडर बसलाय?

हवा, फिल्टर, पाणी, झाकण सगळं बघून झालं, तरी ठेका लंगडाच. आता कुठली एक जण मुसळ घालत नाही ते शोधायचं.

पण त्याआधी मागे, सायलेन्सरपासून चार हात लांब उभं राहून डोळे मिटून ऐका. आवाज एकसारखा येतोय आणि नुसतं केबिन हलतंय, तर तो मिसिंगचा प्रकारच नव्हे. इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती माउंटिंगची रबरं फाटली असतील, किंवा आयडलिंग फार खाली लावलं असेल. ठराविक ठोक्याला आवाज तुटतो, फट्... फट्... असा, तर पुढे चला.

तव्यावर पाणी शिंपडून तवा तापला की नाही आपण रोज बघतो. तीच युक्ती इथं चालते. पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. हेडमधून धूर बाहेर नेणारा बिडाचा पाइप असतो, प्रत्येक सिलिंडरचा त्याला एकेक फाटा. मिनिटभरात त्या फाट्यांवर बोटाने एकेक थेंब उडवा. जिथं चर्र होतं तो सिलिंडर पेटतोय. जिथं थेंब तसाच ओघळतो तो आळशी. थेंबच उडवायचे, तांब्या ओतायचा नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. इंजिन खूप वेळ चालल्यावर सगळेच फाटे तापतात, तेव्हा ही परीक्षा पहिल्या एक-दोन मिनिटांतच करायची.

आणि हे लक्षात ठेवा : चालू इंजिनाजवळ जाताना पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी ब्लाउजच्या आत घाला. फॅन आणि पट्टा यांना पदर ओढायला क्षणही लागत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही. तो धूर जीव घेतो.

पुढची परीक्षा मेकॅनिकने करायची, आपण जवळ उभं राहून बघायची. इंजिन आयडलवर चालू ठेवून तो एकेका नोजलवरच्या नळीचं नट पान्याने थोडं सैल करतो. त्यामुळे त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. सैल केल्यावर इंजिन जास्त थरथरलं, आवाज पडला, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करत होता. नट घट्ट करून पुढचा. ज्याचं नट सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच बसलेला. थेंबाच्या परीक्षेत आणि या परीक्षेत एकच नंबर आला तर शंका उरत नाही.

यात धोका आहे, म्हणूनच मेकॅनिक म्हटलं. जुन्या पंपाच्या नळीतही दीडशे-दोनशे बार आणि त्याहून जास्त दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतो, यावरून अंदाज घ्या. बारीक फटीतून निघालेली डिझेलची धार कातडीतून सुईसारखी आत जाते. वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतलं मांस सडायला लागतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं कुणालाही झालं, ड्रायव्हर असो की मेकॅनिक, तर हळद लावून घरी बसवू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "डिझेल प्रेशरने आत गेलंय."

नोजलची अदलाबदल

समजा तीन नंबर बसलेला निघाला. आता गॅरेजमध्ये दोन मतं येतील : नोजल गेलं, किंवा कॉम्प्रेशन गेलं. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. इथं भांडत बसण्यापेक्षा एक विनंती करायची, "दादा, तीन नंबरचं नोजल दोन नंबरला लावा आणि दोनचं तीनला." खाली तांब्याचे वॉशर नवे घाला. इंजिन चालू करून पुन्हा नट सैल करायची परीक्षा. आता दोन नंबर बसला असेल तर दोष नोजलबरोबर सरकला, म्हणजे नोजलच खराब. तीन नंबर बसलेलाच राहिला तर नोजल निर्दोष. दाब तपासा, व्हॉल्व्ह तपासा, पंपातून त्या नळीला डिझेल पुरेसं येतं का ते तपासा.

माझ्या मते या सगळ्या पाठातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि त्यात अंदाजाला जागा राहत नाही.

नोजल खराब म्हणजे काय? शेतातला फवारणी पंप आठवा. नोजलमध्ये कचरा अडकला की धुकं पडायचं सोडून धार पडते, आणि पंप मारायचा थांबला तरी थेंब गळत राहतात. डिझेलची धार पेटत नाही, धुकंच पेटतं. डिझेल पंपाच्या दुकानात हाताने दाबायचं टेस्टिंग मशीन असतं. नोजल त्यावर लावून दाखवायला सांगा. धुकं किती सारखं पडतं, टोक कोरडं राहतं का, ठरलेल्या दाबाला उघडतं का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. मात्र त्या फवाऱ्याखाली हात धरायचा नाही, कारण वर सांगितलंय. एक नोजल गेलं असेल तर बाकीची तीनही तपासून घ्या, ती एकाच वयाची असतात.

नोजल चांगलं असेल तर इंजिन खोलण्याआधी टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात कागदाइतकी फट ठेवलेली असते. ती बुजली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाबलेली हवा निसटते, जणू कुकरची शिट्टी नीट बसलेली नाही. फिलर गेज घालून कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने फट लावली की कित्येकदा ठेका परत येतो. शेवटी कॉम्प्रेशन गेज. चारही सिलिंडरचे आकडे लिहून मागा. सगळे जवळपास सारखे असतील तर "रिंगा गेल्या" हे कुणी सांगितलं तरी लगेच मानू नका. एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, आणि चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर तिथून धापा टाकल्यासारखी वाफ जोरात येत असेल, तर मात्र इंजिन काम खरंच आहे. ते टाळून उपयोग नाही. दोन गॅरेजांचे लेखी दर घ्या, कुठले पार्ट बदलणार त्याची यादी घ्या, काम झाल्यावर जुने पार्ट पोत्यात घालून परत मागा, आणि बिल गटाच्या नावाने.

पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे ठिणगीचे प्लग आहेत, तेव्हा मिसिंग आली की आधी तेच. प्लग काढून क्रमाने मांडा. तीन कोरडे, विटकरी रंगाचे आणि एक ओला, काळा असेल तर तो सिलिंडर बसलाय. अदलाबदलीची रीत इथंही चालते : प्लग बदलून बघा, दोष सरकतो का. पावसाळी पहाटेच मिसिंग येत असेल तर प्लगच्या वायरीत ओल शिरलीय. चालू इंजिनात त्या वायरी उघड्या हाताने उपसू नका, जबर झटका बसतो.

एका गटाने कळवलंय की पेट्रोल पंपावर नोजल साफ करायची औषधाची बाटली मिळते, ती टाकीत टाकू का? टाकायला हरकत नाही, पण कधी टाकायची ते बघा. नोजलच्या टोकावर थोडी काजळी धरली असेल तर फरक पडू शकतो. फाटलेला पाइप, झिजलेलं नोजल किंवा दबलेला टॅपेट बाटलीने बरा होत नाही. आधी हवेचा फिल्टर, डिझेल फिल्टर, पाणी, आणि टाकी ते फीडपंप ही लाइन बघा, मग बाटलीचा विचार करा. बाटली टाकलीच तर तारीख, किलोमीटर आणि त्या आधीची सरासरी लॉगबुकात लिहा, आणि पुढच्या दोन टाक्यांची सरासरी त्याखाली.